एपोच्या दहा सुया झाल्या, हिमोग्लोबिन ८.४ वरून फक्त ८.६!

सांजवेळ:
बाबा ७१ वर्षांचे, किडनीचा आजार, डायलिसिस अजून नाही. हिमोग्लोबिन ८.४ वर आल्यावर डॉक्टरांनी एपो (रक्तवाढीचं इंजेक्शन) सुरू केलं: ४००० युनिट, आठवड्यातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. मीच टोचते. पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरत होता की बाबाच म्हणाले, "अगं, सुई मला आहे ना!" पाच आठवडे झाले, कालचा रिपोर्ट ८.६. औषध लागू पडत नाहीये का? डोस दुप्पट करा म्हणून मागे लागू का? इंजेक्शन फ्रिजच्या दारात ठेवते, त्याने बिघडलं असेल? शिवाय टोचताना त्यांना फार चुरचुरतं.

फिस्टुलावाला:
सहा वर्षं डायलिसिसवर आहे, सुया मोजायचं कधीच सोडलं. आधी सांगा, लोहाच्या तपासण्या, म्हणजे फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला मिळणारं लोह), केल्यात का? माझी हीच गत झाली होती. तीन महिने एपो घेतोय आणि हिमोग्लोबिन जागचं हलेना. सॅच्युरेशन निघालं ११ टक्के. निदान २० तरी हवं. एपो हा अस्थिमज्जेला नुसता निरोप असतो, "पेशी बनव." एरवी तो किडनी धाडते, आपली थकली म्हणून सुईतून धाडायचा. पण लोहच नसेल तर मज्जा बनवणार कशातून? गोळ्यांनी माझं फक्त पोट बिघडलं. शेवटी डायलिसिस चालू असतानाच शिरेतून लोह दिलं आणि एपोच्या त्याच डोसवर दीड-दोन महिन्यांत ८.१ चं ९.९ झालं. आणि हो, एकट्या फेरिटिनवर विसंबू नका. अंगात इन्फेक्शन किंवा दाह असला की ते उगाच फुगतं. माझं ४०० होतं, त्यामुळे लोह भरपूर आहे समजून सगळे निवांत!

रातपाळी:
डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. दार सारखं उघडतं, तिथे नको. आतल्या कप्प्यात ठेवा, २ ते ८ अंशांत. गोठलं तर फेकायचं, घुसळायचं तर कधीच नाही. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवलं आणि दर वेळी जागा बदलली की चुरचुर कमी होते.

दुप्पट डोसचं डोक्यातून काढा. महिनाभरात अपेक्षित वाढ दिसली नाही तर डॉक्टर बहुधा पाव पटीने वाढवतात, तेही लोह तपासून. हिमोग्लोबिन १३ च्या वर न्यायचा हट्ट महागात पडतो. २००९ च्या ट्रीट अभ्यासात मधुमेह आणि किडनीच्या आजाराच्या रुग्णांना १३ पर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला, तर पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. म्हणून आम्ही साधारण १० ते ११.५ वर समाधानी असतो.

आणि बीपी? एपोने ते वाढू शकतं, आणि त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत तुम्ही.

सांजवेळ:
परवा १६८/९४ आलं होतं. मशीन बिघडलं समजून मी सेल बदलले. आत्ता परत घेतलं, १७२/९६. डोकं दुखतंय म्हणत होते, मी चष्म्याला दोष दिला. लोहाच्या तपासणीची चिठ्ठी फाईलमध्येच सापडली, रक्त द्यायचं राहूनच गेलं. उद्या गुरुवारची सुई आहे.

रातपाळी:
सुई फ्रिजमध्येच राहू दे. आत्ता डॉक्टरांना फोन करा, दोन्ही आकडे आणि डोकेदुखी सांगा. बोलणं अडखळलं, हातपाय लुळा वाटला किंवा दिसायला अंधुक झालं तर फोनही नको, थेट इमर्जन्सी.