ऑपरेशनआधी पेशंटला झोपवून ठेवू नका

इथं एका प्रतिसादात लिहिलंय की फुप्फुसाचा कॅन्सर कळला की ऑपरेशनपर्यंत माणसाला पूर्ण आराम द्यावा, वावरात पाऊलही टाकू देऊ नये. जड काम नको हे खरं, पण खाटेवर पडून राहिलं की अंगातली ताकद जाते आणि ऑपरेशननंतर कफ काढायलाही दम पुरत नाही. आमच्या मोठ्या बाबांना नागपूरच्या डॉक्टरांनी उलट रोज चालायलाच सांगितलं होतं, बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगानं. सकाळी ऊन चढायच्या आत वावराच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जाऊन परत. थुंकीत रक्त दिसलं किंवा दम जास्त लागला तर मात्र थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

आणखी एक, ज्यावर इथं कोणी बोललं नाही. श्वासाच्या व्यायामासाठी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं स्पायरोमीटर देतात ना, त्यात बरेच जण फुग्यासारखी फुंक मारतात. मोठे बाबाही तेच करत होते, गोळ्या जागच्या हलेनात, मग म्हणे 'मशीनच खराब हाय'. त्यात फुंकायचं नसतं. ताठ बसायचं, श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हळूहळू हवा आत ओढायची. गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तिथंच टिकवायची. भरभर केलं तर चक्कर येते. विडी तर त्याच दिवशी बंद, सुपारी-तंबाखूचा खर्राही. किमो लागली तर तोंड येतं, त्यात सुपारी-चुना म्हणजे जखमेवर मीठ. कॅन्सरच्या पेशंटला एसटीची आणि रेल्वेची सवलत मिळते, तिकिटाआधी दवाखान्यातून कागद करून घ्या.