प्रायव्हेट नेटवर्कवर होस्टनेम दिलेत, पिंग होतंय, पण क्लस्टर जुळत नाही

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. तीन ॲप सर्व्हर आहेत, सगळे उबुंटू, आतल्या नेटवर्कवर १०.०.५.११ ते १३, बाहेरून कुणी येत नाही. नावं ॲप_१.लोकल, ॲप_२.लोकल अशी दिलीत. होस्टनेमसीटीएल कमांडने नाव सेट केलं, तिन्हीकडे होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाचा कुठला आयपी याची यादी) एकमेकांच्या ओळी टाकल्या, पिंग (समोरची मशीन उत्तर देते का ही चाचणी) एकदम ओके. पण जावाचं ॲप क्लस्टर मोडमध्ये (तिन्ही मशीन मिळून एकच ॲप चालवतात तसं) चालू केलं की प्रत्येक नोड, म्हणजे प्रत्येक मशीन, एकटाच बसतो आणि लॉगमध्ये १२७.०.१.१ दिसतं, जे मी कुठेच टाकलेलं नाही. फायरवॉल बंद करून पण बघितलं. हे येतंय कुठून?? आणि पुढे सर्व्हर वाढणारेत, तर डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सर्व्हिस) आत्ताच लावू का होस्ट्स फाइलवर भागेल?

जुनाखांब:
ती ओळ इन्स्टॉलरने टाकलीय. डेबियन, उबुंटू इन्स्टॉल करताना मशीनला कायमचा आयपी असेलच असं नाही, पण स्वतःचं नाव तरी रिझॉल्व्ह झालं पाहिजे, म्हणजे नावाचा आयपी मिळाला पाहिजे, म्हणून होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ आणि पुढे मशीनचं नाव असं लिहून ठेवतात. लॅपटॉपला चालतं ते. सर्व्हरवर काय होतं, तुझं ॲप सुरू होताना विचारतं माझं नाव काय, त्याचा आयपी काय, उत्तर मिळतं १२७.०.१.१ (१२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ज्याची त्याची स्वतःचीच मशीन) आणि तेच ते बाकीच्यांना सांगत सुटतं की मी इथे आहे. दुसरा नोड त्या पत्त्यावर गेला की स्वतःच्याच दारात उभा! फायरवॉलचा काही संबंध नाही, तो आधी चालू कर बाबा.

ती ओळ काढ, त्या जागी मशीनचा खरा आयपी, मग पूर्ण नाव (डॉटनंतरच्या भागासकट), मग छोटं नाव. क्रम उलटा केलास तर पूर्ण नाव विचारल्यावर छोटंच हातात येतं. १२७.०.०.१ लोकलहोस्टच्या ओळीला हात लावू नको. आणि तपासताना डिग कमांड वापरू नको, ते होस्ट्स फाइल बघतच नाही, थेट डीएनएसला विचारतं. गेटएंट होस्ट्स आणि पुढे नाव असं चालव, ॲपला जे दिसतं ते त्यात दिसेल. प्रत्येक मशीनवर, स्वतःच्या नावासकट.

पोर्टवाली:
वरचं बरोबर आहे पण नावं पण बदला, आत्ताच, नंतर फार जड जातं. होस्टनेममध्ये अंडरस्कोर चालत नाही, अक्षरं आकडे आणि डॅश एवढंच. पिंगला फरक पडत नाही म्हणून लक्षात येत नाही, पण जावाच्या यूआरआय क्लासला (पत्ता वाचून त्याचे भाग करणारा कोड) अंडरस्कोरवालं नाव दिलं की त्यातला गेटहोस्ट नावाऐवजी सरळ नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतो, एरर पण नाही, मग शोधत बसा. डॉट लोकल पण नको, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे डीएनएस सर्व्हरशिवाय मशीन आपसातच नावं विचारतात त्यासाठी, राखीव आहे (२०१३ चं इंटरनेट मानक, आरएफसी ६७६२), बऱ्याच लिनक्स मशीनवर डॉट लोकलची चौकशी डीएनएसपर्यंत पोचतच नाही, म्हणजे उद्या डीएनएस लावलात की हाच धागा परत. डॉट इंटर्नल घ्या, २०२४ मध्ये आयकॅनने (डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) ते खास प्रायव्हेट वापरासाठी बाजूला ठेवलंय. फक्त त्यावर बाहेरच्या सीएचं (सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट मिळत नाही, टीएलएस (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) हवं असेल तर स्वतःचा सीए किंवा विकत घेतलेल्या डोमेनचा सबडोमेन.

रात्रपाळी:
जुळलं!! तिघं एकमेकांना दिसतायत. पण एका मशीनला रिबूट दिला तर ती १२७.०.१.१ ची ओळ परत हजर 😐

जुनाखांब:
क्लाउड-इनिटचं काम, बूट होताना मशीन सेट करून देणारा प्रोग्राम. त्याच्या कॉन्फिगमध्ये मॅनेज ईटीसी होस्ट्स ट्रू असेल, म्हणजे दर बूटला टेम्प्लेटवरून फाइल नव्याने लिहिणार. ते फॉल्स कर. तिथेच प्रिझर्व्ह होस्टनेम ट्रू पण कर, नाहीतर नावाचं पण हेच होईल.

अर्धाकप:
डीएनएसबद्दल माझं मत, मशीन मोजकी असतील तर होस्ट्स फाइल आणि ॲन्सिबल (सगळ्या मशीनवर एकदम बदल करणारं टूल) बास, एक जादा सर्व्हिस सांभाळायला कशाला घ्या. वाढायला लागली की डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर लावा, ते ज्या मशीनवर चालतं तिथलीच होस्ट्स फाइल वाचून सगळ्यांना उत्तरं देतं, म्हणून त्या मशीनवर ती १२७.०.१.१ ची ओळ राहिली तर ते पण इमानदारीत सगळीकडे वाटतं. लावाल तर दोन मशीनवर लावा. आणि डेटाबेसचं नाव ॲपच्या कॉन्फिगमध्ये मशीनचं नको, कामाचं द्या, डीबी-मुख्य वगैरे, मशीन बदलली तर एका ठिकाणी आयपी बदलला की झालं. जावा उत्तर साधारण ३० सेकंद कॅशमध्ये धरून ठेवतं, पण कनेक्शन पूल (ॲपने डेटाबेसला उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) जुनी कनेक्शनं त्याहून कितीतरी जास्त वेळ सोडत नाही, तेव्हा आयपी बदलल्यावर पूल रिकामा करायला विसरू नका.