नारायणरावांच्या खुनावर रहस्य कादंबरी, पण खुनी तर सगळ्यांनाच ठाऊक!

बोळातला_वाचक:
मंडळी, नारायणराव पेशव्यांच्या खुनावर रहस्य कादंबरी लिहायला घेतलीये. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, भर दुपार. अडचण अशी की पुण्यातल्या शाळकरी पोरालाही राघोबादादा, आनंदीबाई, सुमेरसिंग गारदी पाठ असतात, मग सस्पेन्स आणायचा कुठून? आणि "काका मला वाचवा" टाळायचंय, पार चोथा झालाय त्याचा.

कसबेकर:
मग खुनी पहिल्याच पानावर सांगून टाका की! खरी मजा तपासात आहे. ज्याच्यावर संशय तोच गादीवर बसलाय आणि चौकशी करणारे रामशास्त्री त्याच्याच चाकरीत. शेवटी तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणं सोडून वाईकडे जातात, याहून वेगळा क्लायमॅक्स कशाला हवा.

रात्रपाळी:
नाही पटलं. रामशास्त्री हिरो केले की काय होणार ते वाचकाला आधीच माहीत. त्यापेक्षा फडावरचा, म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरातला, एखादा कारकून घ्या, दिवसभर मोडीत हिशेब खरडणारा, गारद्यांचे पगार थकलेत हे सगळ्यात आधी त्यालाच दिसणार ना. आणि पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके विसरू नका राव. त्याच दिवशी नारायणरावांनी त्यांना गारद्यांचा बंदोबस्त करायला सांगितलं आणि हे आधी जेवायला गेले, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज ग्रँट डफ लिहितो. जेवायला!! निष्काळजीपणा की अजून काही, यावर चार-पाच प्रकरणं सहज निघतील, आणि पुढे बारभाईंकडून (राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेले कारभारी) राघोबादादांच्या मागे फौज घेऊन लागले ते हेच हरिपंत, म्हणजे वाचकाला चकवायला माणूस झकास.

बोळातला_वाचक:
कारकून आवडला, घेतोच. पण मग 'ध चा मा'चं काय करू?

कसबेकर:
तो कागद वाचकाला दाखवूच नका, कोणाकोणाच्या हातून गेला एवढ्यावरच कथा फिरवा. आनंदीबाईला उगाच डाकीण करू नका प्लीज, सगळं खापर तिच्यावर फोडलं की बाकीचे आरामात सुटतात. तुळाजी पवार बघा, काकांना मिठी मारलेल्या पोराचा पाय ओढणारा, घरचाच नोकर. त्याला काय मिळणार होतं?

रात्रपाळी:
+१. आणि नारायणरावांची बायको गंगाबाई! तिच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा, जन्म १८ एप्रिल १७७४ चा, पुरंदरावर. म्हणजे खून झाला तेव्हा तिला दिवस जाऊन जेमतेम दीड महिना झाला असेल. वाड्यात हे कुणाला कळलं होतं आणि कुणी दाबून ठेवलं, तुमचा कारकून तिकडे वळवा.