ब्राउनस्टोनमधले घर आणि भाडेवाढीचा प्रश्न

न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिनच्या पार्क स्लोप भागात ब्राउनस्टोन, म्हणजे दर्शनी बाजूला तपकिरी दगड असलेल्या, इमारतीतले तळाचे छोटे घर भाड्याने घ्यावे का, असे आपण विचारले आहे आणि त्यावर "इमारत जुनी आहे, म्हणजे भाडेवाढीला सरकारी लगाम असणारच" असे एकांनी सांगितले आहे. कृपया तेवढ्यावर विसंबून करारावर सही करू नका. न्यूयॉर्कमधील रेंट स्टॅबिलायझेशन, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा घालणारा नियम, मुख्यतः १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा त्याहून अधिक घरे असलेल्या इमारतींना लागू होते. ब्राउनस्टोन मुळात बहुधा एकाच कुटुंबासाठी बांधलेले असल्यामुळे त्यात आज अनेकदा तीन-चारच घरे निघतात, आणि मग हे संरक्षण सहसा मिळत नाही.

घर पाहताना पुढच्या उंच पायऱ्यांखालच्या दारातून आत शिरल्यावर भिंतीच्या तळाशी रंगाला पोपडे आले आहेत का, हे हाताने चाचपून पाहा. दर्शनी तपकिरी दगड म्हणजे विटांच्या भिंतीवर चढवलेला वालुकाश्माचा थर असतो आणि तो पाणी शोषतो, त्यामुळे ओल हा या घरांचा खरा शत्रू आहे.

थंडीची मात्र फार धास्ती नको. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटखाली गेल्यास दिवसा घरात किमान ६८ अंश राखणे मालकावर बंधनकारक आहे. अनामत रक्कमही २०१९ पासून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही.