सह्याद्रीचा कडा म्हणजे ती भेग नव्हे
सेशेल्स (हिंदी महासागरातली बेटं) भारतापासून तुटलं त्याची भेग म्हणजे सह्याद्रीचा कडा, असं म्हटलं जातं. काळ बरोबर आहे, साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वीचा. जागा मात्र चुकली. खरी भेग पश्चिमेला समुद्राखाली आहे. कडा धूप होत होत पूर्वेकडे मागे सरकलाय.

जमिनीवर या तुटण्याची खूण बघायचीच तर पनवेलचा वाक, म्हणजे तिथे खडकांच्या थरांना पडलेला बाक बघा, फार मोलाचा पुरावा आहे हा! माथेरानला बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे. मुंबईत मात्र ते समुद्राकडे झुकलेले, साधारण १०-१५ अंश. पृथ्वीचं कवच ताणलं की पातळ होतं, खचतं आणि वरचे थर वाकतात. गोराई-मनोरीचा ट्रॅकाइटही (लाव्हापासून बनलेला फिकट रंगाचा खडक) सेशेल्स तुटलं त्याच सुमाराचा, दख्खनचा मुख्य लाव्हा ओतून झाल्यानंतरचा.