वायू घटला म्हणजे धोका टळला?
प्रश्न असा, ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू कमी झाला तर ज्वालामुखी शांत होतोय असं धरायचं का? एकट्या त्या आकड्यावरून तर मुळीच नाही. फिलिपिन्समधला पिनातुबो बघा. १३ मे १९९१ला दिवसाला सुमारे ५०० टन वायू, २८ मेपर्यंत ५,००० टनांवर. (मोजायला विमान वायूच्या लोटाखालून नेतात, वायूने अतिनील प्रकाश किती शोषला त्यावरून हिशेब.) मग आकडा एकदम घसरला. वायूची बाहेर पडायची वाट बुजली असावी, कुकरची शिट्टी अडकावी तशी! भूकंप मात्र चालूच होते. ६ जूनपासून टिल्टमीटर (जमिनीचा कल मोजणारं उपकरण) डोंगर फुगल्याचं दाखवू लागला, ७ला लाव्हाचा घुमट वर आला आणि १५ला महास्फोट. वायू घटताना भूकंप आणि फुगवटाही उतरतोय का, ते आधी बघायचं.