मदत हवी आहे: लाल ग्रॅनाइटची किरणोत्सर्ग तपासणी कुठे करता येईल? (सांगली)

विश्रामबागला तळमजल्याच्या घराचं काम चालू आहे. आई-वडिलांच्या खोलीत जमीन आणि एका भिंतीला इलकलचा लाल ग्रॅनाइट लावायचं ठरलंय. माल येऊन पडलाय, बसवलेला नाही. खोलीला एकच खिडकी, आणि दोघं दिवसाचा बराच वेळ तिथेच असतात.

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-40 थोड्या प्रमाणात असतं, युरेनियमच्या विघटनातून बनणाऱ्या रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सुटतो. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, हे बरंच कमी. बहुतेक ग्रॅनाइट घरात चालतो हे माहीत आहे, म्हणून नुसतं 'घाबरू नका' नको, या मालाचा आकडा हवाय.

दुकानदाराकडे तपासणीचा कागद नाही. इथल्या लॅबमध्ये फक्त मजबुती आणि पाणी शोषण बघतात. ओळखीच्या प्राध्यापकांचा गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं छोटं यंत्र) लादीवर धरला, किंचित फरक दिसला. पण त्यावरून रेडियम किती ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रेडॉनची संदर्भ पातळी घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक) आहे, पण ती खोलीतल्या हवेची. मला लादी बसवण्याआधीच ठरवायचंय.

रेडियमच्या तपासणीआधी नमुना हवाबंद करून तीन-चार आठवडे ठेवतात, म्हणून फरशीवाल्याला दिवाळीनंतर बोलावलंय. खर्चाची तयारी आहे.

कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईत खासगी माणसाचा नमुना घेऊन गॅमा स्पेक्ट्रोमेट्री (गॅमा किरणांवरून रेडियम वगैरे किती ते मोजणारी तपासणी) करून देणारी जागा कोणाला माहीत आहे का? आणि लादीचा तुकडा द्यायचा की भुकटी, साधारण किती वजनाची?